सुभेदारांच्या जीपचा ब्रेकलाइट

"ब्रेक!" सुभेदार मागून ओरडले.

मी पेडल दाबलं.

"ओके! सोड!"

सोडलं.

"ओके! परत!"

असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. दर वेळी ओके. जीपच्या मागे छातीवर हाताची घडी घालून उभे असलेले सुभेदार मग माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "बघितलंस? दिवा चालू हाय. आता हे तू गावात सांगायचं. तुझं लोक ऐकत्यात."

मला एवढंच कळत होतं की दिवा लागतोय. आणि दोन जण शपथेवर सांगत होते की तो लागत नाही. त्यातल्या एकाचा पाय प्लास्टरमध्ये होता.

माझं कडेगावच्या रस्त्याला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सांगलीला आयटीआय केलं, मग दोन वर्षं एका वर्कशॉपमध्ये वायरी ओढल्या, मग स्वतःचं शटर उघडलं. गळीत हंगामात मी आणखी एक उद्योग करते. कारखान्याच्या रस्त्यावर उभी राहून पत्रकं वाटते. मथळा एकच: तुमच्या मागचा दिवा चालू आहे का? उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, असे ट्रॅक्टर आमच्या रस्त्यांवर सर्रास फिरतात. एखादा दुचाकीवाला त्यांच्यावर आदळला की चौकात पहिला प्रश्न काय येतो? ट्रॉलीला दिवा होता का, हा नाही. "पोरगं मोबाइल बघत हुतं का?" हा. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, म्हणून हा प्रश्न लोकांना फार सोयीचा पडतो.

अनिकेत जिवंत होता, तरी त्याला तोच प्रश्न विचारला गेला.

अनिकेत आमच्या शेजारच्या वस्तीवरचा. फौजेच्या भरतीची तयारी करत होता. पहाटे शाळेच्या मैदानावर पळणारी पंधरा-वीस पोरं आहेत, त्यांना सुभेदार शिकवतात, पैसे न घेता. सुभेदार म्हणजे हणमंतराव. लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाले, नायब सुभेदार होऊन परत आले. त्यांची जीपही लष्करातलीच. लिलावात निघालेली, त्यांच्या तरुणपणच्या बनावटीची. तिच्यावर त्यांचा अतोनात जीव. रंग तोच हिरवा ठेवलेला.

एका संध्याकाळी सुभेदार कडेगावहून घरी चालले होते. उतारावर मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. त्यांनी ब्रेक दाबला. मागून येणारा अनिकेत मोटारसायकलसकट जीपवर आदळला. नडगीचं हाड मोडलं. भरती तोंडावर आली होती.

अनिकेत म्हणाला, जीपचा ब्रेकलाइट लागला नाही.

सुभेदार म्हणाले, सकाळी मी स्वतः तपासलाय.

झालं. निकाल लागला. सुभेदारांच्या शब्दापुढे वीस वर्षांच्या पोराचा शब्द कोण धरणार? पण पोराचं हाड मोडलं म्हणून सुभेदार गप्प बसले असते, तर मी हे लिहिलं नसतं. त्यांनी मैदानावर सगळ्या पोरांसमोर सांगितलं, "चूक करनारा चालतो. खोटं बोलनारा फौजेत चालत न्हाई. त्यानं हितं परत यायचं न्हाई."

त्यानंतर काही दिवसांनी एका दुधाच्या टँकरवाल्याने सुभेदारांना अंधार पडताना गाठून सांगितलं, "आबा, मागचा ब्रेकलाइट बघा तेवढा. लागंना झालाय." मग सुभेदार हडबडले आणि जीप घेऊन माझ्याकडे आले. शंका म्हणून नाही. माझ्या तोंडून 'चालू आहे' असं वदवून घ्यायला.

आता थोडं कामाचं सांगते, कारण त्याशिवाय माझा गोंधळ कळणार नाही. ब्रेकलाइट ही गाडीतली सगळ्यात साधी गोष्ट. बॅटरीतून करंट निघतो, ब्रेकच्या स्विचपर्यंत येतो. पेडल दाबलं की स्विच जोडला जातो, करंट पुढे बल्बमध्ये जातो, बल्बमधून गाडीच्या पत्र्यात. या पत्र्याच्या जोडाला आम्ही अर्थ म्हणतो. म्हणजे बिघडू शकणाऱ्या जागा चारच: बल्ब, स्विच, वायर, अर्थ. जुन्या गाडीत बहुतेक वेळा अर्थ जातो. कोणीतरी हौसेने रंग मारतो, दिव्याच्या बैठकीखाली रंगाचा थर बसतो, करंटला परतीची वाट राहत नाही.

मी बैठक काढली. लख्ख पत्रा. रंगाचा ठिपका नाही.

"रंग मारताना मी तिथं चिकटपट्टी लावली हुती," सुभेदार म्हणाले. "आमाला शिकवलंय ते."

बल्ब नवा होता, तरी बदलला. ब्रेकचा स्विच बदलला. मागे जाणारी वायर चॅसीच्या पट्टीबरोबर बोटांनी चाचपत गेले, कुठे सोललेली नाही. जीप खडबडीत रस्त्यावर नेऊन आणली, हादऱ्याने काही सुटतंय का बघायला. वर पाण्याचा पाइप सोडला. इंजिन तापू दिलं. दर वेळी मी पेडल दाबलं आणि दर वेळी मागून आवाज आला, "ओके!"

डॅशबोर्डवर स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला एक जाड काळा नॉब होता. तीन जागा फिरणारा. त्याच्या बाजूची अक्षरं रंगाखाली गेलेली.

"हा कसला, आबा?"

"तो जुना लाइटचा. मेलेला हाय. माधवनगरच्या मिस्त्रीनं सगळं वायरिंग नवीन केलं, हेडलाइटला हे खालचं बटण दिलं. तो शोभेला ठेवलाय."

मी माधवनगरच्या मिस्त्रीला फोन लावला.

"काय न्हाई ओ त्यात," तो म्हणाला. "मी हेडलाइट, टेललाइट, हॉर्न, सगळं डायरेक्ट दिलंय."

"आणि ब्रेकलाइट?"

"ब्रेकलाइट चालू हुता की. चालू वायरला मी कशाला हात लावू?"

त्याने हात लावला नाही. मग मीही नॉबला हात लावला नाही. स्विचपाशी मीटर लावला तर बारा व्होल्ट भक्कम येत होते. आता सांगा, काय शोधायचं? न बिघडलेली गाडी दुरुस्त कशी करायची?

सुभेदारांना मी म्हटलं, "आबा, गाडी आत्ता ठीक आहे. त्या संध्याकाळी होती की नव्हती, हे मी नाही सांगू शकत."

"म्हंजे?"

"म्हणजे गावात काही सांगणार नाही."

त्यांनी बॉनेटवर हात टेकला. मग म्हणाले, "तीस वर्सं गाडी चालवली. रोज सकाळी फर्स्ट परेड केल्याबिगर चाक हलवलं न्हाई." फर्स्ट परेड म्हणजे लष्करातली रोजची सकाळची तपासणी: तेल, पाणी, हवा, दिवे. ती ते अजून करतात. त्यांच्या बायकोला, अक्कांना, सीटवर बसवतात, स्वतः मागे उभे राहतात आणि ओरडतात.

अक्कांना मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "जीप घरात आल्यापासनं भाकरीच्या आधी ब्रेक दाबतीया बघ मी. एकदा म्हटलं तुमी बसा, मी बघती मागं. तर म्हनं इन्स्पेक्शन सिनियरनं करायचं असतंय."

अनिकेतकडे गेले. तो ओट्यावर पाय लांब करून बसला होता. माझी गाडी दिसताच त्याची आई सुमनकाकी बाहेर आली आणि मला बसही म्हणाली नाही.

"आवं ताई, मागचा दिवा, मागचा दिवा म्हणून कागदं वाटता न्हवं तुमी? मग माज्या पोराला कुनी इचारलं का, तुज्या म्होरं दिवा हुता का म्हणून? समदी मोबाइलचंच इचारत्यात."

"मी तेच विचारायला आलेय, काकी."

"आता? पाय मोडून म्हैना झाल्यावर?"

मी अनिकेतला म्हटलं, "तुला काय दिसलं ते सगळं सांग. येडपट वाटलं तरी सांग."

तो हसला. बरं नव्हतं ते हसू. "येडपटच हाय ताई. म्हणून तर सांगायचं बंद केलंय."

"सांग."

"अजून उजेड हुता. आबांनी हेडलाइट लावलं नव्हतं. लाल काय लागलं न्हाई. पन खाली... जीपच्या खाली, दोन चाकांच्या मधी, पांढरं गोल दिसलं. उजळलेलं. चंद्रासारखं. मी म्हटलं हे काय, म्हणून तिकडं बघाय लागलो. आन् तवर धडकलो."

"चंद्र?"

"बघा. तुमी पन."

मी हसले नव्हते. मला काही कळलं नव्हतं, एवढंच. जीपखाली चंद्र कुठून येणार? घरी येईपर्यंत हा चंद्र माझ्या डोक्यातून जाईना. खोटं बोलणारा माणूस पटेल असं खोटं बोलतो. जीपखाली चंद्र, असलं खोटं कोण रचेल?

दुसऱ्या दिवशी मी सुभेदारांना म्हटलं, "आज तुम्ही चालवा. कडेगावहून घरापर्यंत, नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखं. मी स्कूटरवरून मागे येते. मध्ये मध्ये ब्रेक दाबा."

निघालो. पहिल्या गतिरोधकावर लाल दिवा लागला. दुसऱ्यावर लागला. वळणावर लागला. सूर्य डोंगराआड गेला, आभाळ मात्र अजून उजळ होतं. उतार आला. मेंढरांच्या जागेपाशी जीप हळू झाली. स्पष्ट हळू झाली. लाल काही नाही.

आणि खाली, दोन चाकांच्या मधे, पांढरं गोल.

मी जोरात हॉर्न वाजवला. सुभेदारांनी जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं, उतरले. मी धावत जाऊन खाली वाकले. मागच्या ॲक्सलच्या मधल्या फुगीर गोळ्याला पांढरा रंग दिलेला. वर एक बोटभर टोपीतला बल्ब. विझलेला.

"आबा, आत्ता दिवा लागला नाही!"

"बस आत. दाब."

मी सीटवर बसले. दाबलं.

"ओके!" मागून आवाज आला.

मला रडू येईल की मी ओरडेन, हेच समजेना. दाबलं, ओके. सोडलं, ओके. खाली अंधार. लाल दिवा आपला शहाण्यासारखा लागतोय.

"तुला भास झाला," सुभेदार म्हणाले.

"मला आणि अनिकेतला, दोघांना एकाच जागी? आणि त्या टँकरवाल्याला?"

त्यांचा चेहरा पहिल्यांदा हलला. मी विचारलं, "हा पांढरा गोळा कसला?"

"आर्मीच्या सगळ्या गाड्यांना असतोय. कॉन्व्हॉय लाइट. रातीची शंभर गाड्यांची रांग चालली की मागच्या ड्रायव्हरनं फक्त म्होरच्या गाडीचा हा गोळा बघत यायचं. पन तो आता लागत न्हाई. मेलेला हाय."

पुन्हा मेलेला. या जीपमधल्या मेलेल्या गोष्टी जरा जास्तच हिंडत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी वेगळं केलं. ब्रेकलाइटच्या वायरला एक लांब वायर जोडली, पुढे ओढून घेतली, तिच्या टोकाला छोटा बल्ब लावला. हा आमचा टेस्ट लॅम्प. तो मांडीवर घेऊन सुभेदारांच्या शेजारी बसले. आता मागे कोणी उभं राहायची गरज नव्हती. ब्रेक लागला की दिवा माझ्या मांडीवर लागणार होता.

वाटेत ते भरतीच्या पोरांबद्दल बोलत होते. कोण किती पळतो, कोणाची छाती भरत नाही. मांडीवरचा बल्ब लागत होता, विझत होता. सूर्य डोंगराला टेकला. गेला.

बोलता बोलता त्यांचा डावा हात स्टीअरिंगवरून निघाला, काळ्या नॉबवर गेला, एक घर फिरवून परत स्टीअरिंगवर आला. बोलणं थांबलं नाही. नजर रस्त्यावरून हलली नाही.

उतार आला. त्यांनी ब्रेक दाबला. माझ्या मांडीवर अंधार.

"आबा."

"काय?"

"तुम्ही आत्ता काय केलंत?"

"ब्रेक दाबला की."

"त्याच्या आधी. हात."

"कुठला हात?"

"डावा. तो नॉब फिरवलात तुम्ही."

"मी? न्हाई."

"आबा, मी शेजारी बसलेय."

त्यांनी जीप कडेला घेतली. इंजिन बंद करायला हात गेला, तर मी म्हटलं, "इंजिन राहू दे. कशालाच हात लावू नका." कारण आता कळलं होतं. काल थांबल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं होतं आणि त्याच झटक्यात त्यांच्या हाताने नॉब परत जागेवर नेला होता. घरी गाडी लावतानाही रोज हेच होत असणार. म्हणून सकाळच्या फर्स्ट परेडला सगळं ओके.

सुभेदार नॉबकडे बघत होते. नॉब एक घर पुढे होता.

"वर बॉर्डरला ऑर्डर असायची," ते म्हणाले. "बर्फातल्या रस्त्यावर. सूर्य गेला की कॉन्व्हॉय लाइट. मग बाकी समदं बंद. ब्रेकचा लाल दिवा पन बंद, कारन तो लांबच्या डोंगरावरनं दिसतोय. खाली फक्त पांढरा गोळा." त्यांनी डावा हात उलटासुलटा करून बघितला. "रिटायर हून किती वर्सं झाली. मला खरंच ठावं न्हवतं गं पोरी."

मला ते खरं वाटलं. मी नॉबच्या मागे हात घातला. माधवनगरच्या मिस्त्रीने सगळं नवीन केलं होतं, पण ब्रेकलाइटची आणि खालच्या पांढऱ्या दिव्याची जुनी वायर अजून त्या मेलेल्या नॉबमधूनच जात होती. चालू वायरला हात लावायचा नाही, ही आपल्याकडच्या निम्म्या गॅरेजांची पद्धत आहे. त्या पद्धतीवर मी एक अख्खं पत्रक काढू शकते. काढणारही आहे.

"चला घरी, वायर काढून देते," मी म्हटलं.

"आत्ता न्हाई," सुभेदार म्हणाले. "हाय तसंच ऱ्हाऊ दे."

त्यांनी डावा हात मांडीखाली घालून दाबून धरला. गियर बदलण्यापुरता काढायचे, परत मांडीखाली. तशी जीप चालवत अनिकेतच्या दारात आणली. इंजिन चालूच.

सुमनकाकी बाहेर आली. तिच्या मागे कुबडी टेकत अनिकेत. शेजारच्या दोन घरांतले लोक आवाजाने डोकावले. सुभेदार सीटवरून उतरले नाहीत.

"अनिकेत, मागं जा. खाली काय दिसतंय बघ."

अनिकेत कुबडीवर वाकला. "आबा... हेच. हेच गोल."

"उभा ऱ्हा आता. मी ब्रेक दाबतो. रिपोर्ट दे."

दाबलं.

सुभेदारांसमोर ते शब्द अनिकेतच्या तोंडून निघेनात.

"रिपोर्ट!"

"न्हाई लागला, आबा."

"ऐकू आलं न्हाई."

"न्हाई लागला!"

"परत बघ." पुन्हा पेडल दाबलं.

"न्हाई लागला!" या वेळी तो ओरडला. वस्तीच्या टोकापर्यंत गेलं असेल.

सुभेदारांनी इंजिन बंद केलं. या वेळी नॉबकडे हात गेला, पण मध्येच थांबला. ते उतरले, सुमनकाकीसमोर गेले आणि म्हणाले, "पोरगं खरं बोलत हुतं. खोटं मी बोललो, मला ठावं नसताना. उद्या मैदानावर सांगतो."

सुमनकाकी म्हणाली, "त्याची भरती गेली न्हवं आबा."

"व्हय. गेली," सुभेदार म्हणाले. सबब सांगितली नाही, हे बरं केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मैदानावर सांगितलं. अनिकेत आता तिथे खुर्चीवर बसून घड्याळ लावतो, प्लास्टर निघेपर्यंत. ही भरती त्याची हुकली. पुढची कधी निघेल ते निघेल. हाड जुळायला वेळ लागतो, आणि महिनाभर ज्यांनी त्याला खोटारडा म्हटलं त्यातल्या एकानेही येऊन माफी मागितलेली नाही. सुभेदार सोडून. बाकीचे म्हणतात, "असं व्हय? आमाला वाटलंच हुतं."

मी ब्रेकलाइटची वायर नॉबमधून काढली, फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून दिली. नॉब काढायला लागले तर सुभेदार म्हणाले, "ऱ्हाऊ दे." खालचा पांढरा दिवाही ठेवला. संध्याकाळ झाली की त्यांचा हात अजून नॉबवर जातो, खालचा गोळा उजळतो, आणि वर लाल दिवाही लागतो. मागून येणाऱ्याला दोन दिवे दिसतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुमच्यासाठी एवढंच. मागचा दिवा तपासायचा असेल तर रोज गाडी चालवणाऱ्यालाच, त्याच्या नेहमीच्या वेळेला, सीटवर बसवा, आणि दुसऱ्याला मागे उभं करा. तो मागचा 'न्हाई लागला' म्हणाला, तर तो मोबाइल बघत होता का हे विचारण्याआधी एकदा वायर बघा. सुभेदारांच्या घरी आता रोज सकाळी मागे अक्का उभ्या असतात. पहिल्याच दिवशी त्यांनी टायरमधली हवा कमी असल्याचं दाखवून दिलं.